मधल्या सुट्टीतली भाजी

आमच्या घरात एक पितळी डबा आहे. गोल, कडीचा, झाकणावर माझ्या मामाचे नाव घातलेला. 1950 च्या आसपास मामा हा डबा घेऊन तालुक्याच्या शाळेत चालत जात असे. आई त्याच्याहून लहान. तिची शाळा गावातच असल्यामुळे ती दुपारी घरी येऊन जेवायची. या डब्याबद्दल आईला एक गोष्ट पक्की आठवते. आजी रोज बजावायची, "आंबट भाजी डब्यात घालू नका गं, कळकेल."

'कळकणे' हे क्रियापद आता घरांतून जवळजवळ गेले आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल असे काही आंबट राहिले की धातूचा अंश त्यात उतरतो, चव बिघडते आणि पोटालाही ते बरे नसते. म्हणजे मामाच्या डब्यात कोणती भाजी जाणार हे त्याची आवड पाहून ठरत नव्हते, आजीच्या मनावरही ते नव्हते. कल्हईवाला गावात कधी येऊन गेला, यावर ते ठरत होते.

मी इतिहासाची पदवी घेतलेली नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. रद्दीच्या दुकानांतून जुनी पाकपुस्तके जमवायची आणि सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसायचे, एवढाच माझा अभ्यास. गेल्या जूनमध्ये शेजारची सून आली. तिचा मुलगा पहिलीत गेला होता आणि डब्यातली भाजी रोज तशीच परत येत होती. "काकू, तुमच्याकडे एवढी पुस्तकं आहेत. सकाळी वीस मिनिटांत होईल, पौष्टिक असेल आणि पोरगा खाईल, अशी एखादी भाजी सांगा ना," ती म्हणाली. मी दोन-तीन भाज्या सांगितल्या. ती गेल्यावर मात्र तो पितळी डबा डोळ्यांपुढे आला. मुलाने दुपारचे जेवण घरापासून लांब, थंड आणि घाईने जेवायचे, ही पद्धत आपल्याकडे आली कधी? आणि तिने आपल्या भाज्यांचे काय केले?

घंटा

पंतोजींच्या शाळा कुणाच्या ओसरीवर, देवळात किंवा वाड्यात भरत. मूल हाकेच्या अंतरावर असे. दुपारी ते घरी जाई, जेवे आणि परत येई. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा आल्या. त्यांचे वेळापत्रक कचेरीसारखे होते, सकाळी साडेदहा-अकरा ते संध्याकाळी पाच. मोठी शाळा तालुक्याला, हायस्कूल जिल्ह्याच्या गावी. घर आणि शाळा यांत मैलांचे अंतर पडले आणि त्या अंतरातून 'मधली सुट्टी' जन्माला आली.

शिकायला परगावी आलेल्या गरीब मुलांना तर दोन्ही वेळच्या जेवणाची भ्रांत असे. ब्राह्मण मुले वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. पुण्यात 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले ते याच गरजेतून. इतर जातींच्या मुलांना तो मार्गही नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहांना आधार दिला तेव्हा त्यांना राहण्याची जागा मिळाली आणि तिच्याबरोबर हक्काचे ताटही.

पुढे शिक्षण सक्तीचे होऊ लागले. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सबंध बडोदे संस्थानात नेला. कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण 1917 मध्ये आले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने 1918 चा कायदा झाला. या कायद्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यांत एक वेगळी गोष्ट दडलेली आहे. आतापर्यंत गुरांमागे किंवा आईबापांबरोबर शेतात असणारे मूल आता दिवसभर चार भिंतींत बसणार होते.

शेतातले मूल काय खात होते? न्याहारीची भाकरी, कांदा आणि चटणी तर होतीच. त्याखेरीज दिवसभर हाताला लागेल ते. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, उपटलेला मुळा, गाजर, कांद्याची पात, बोरे, चिंचेचा कोवळा पाला. यातले काहीही त्याला कुणी 'खा रे' म्हणून वाढलेले नसे. ते त्याचे त्यानेच तोडलेले असे. शाळेच्या घंटेने हे खाणे थांबवले. शिक्षण हवेच होते. पण बांधावरच्या या हिरव्या खाण्याच्या जागी शाळेत काय येणार, याचा विचार त्या वेळी फारसा कुणी केला नाही. ते काम आईवर येऊन पडले.

डबा

आपल्या ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. डावीकडे मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटी. सुकी भाजी, पातळ भाजी, पालेभाजी या सगळ्यांना आपापली जागा आहे. आपली पाककला छापील पुस्तकांत आली तीही या ताटाभोवतीच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे 'गृहिणी-मित्र' 1910 चे. ही पुस्तके चाळताना डोळ्यांपुढे येते ते पान वाढणारे घर.

डब्याला डावी-उजवी बाजू नसते. त्याला फक्त झाकण असते. डब्यात जाणाऱ्या भाजीला चार परीक्षा द्याव्या लागतात. ती गळता कामा नये, नाहीतर वह्या पिवळ्या होतात. चार तासांनी थंडगार झाल्यावरही ती खाता आली पाहिजे. झाकण उघडताच तिचा वास वर्गभर पसरू नये. आणि भांड्याने तिला कळकवता कामा नये. पातळ भाजी पहिल्याच परीक्षेत गेली. ताकातला चाकवत, चिंचगुळातले अळू आणि अंबाडी शेवटच्या परीक्षेत गेली. मेथी, मुळा आणि शेपू वासाच्या परीक्षेत नापास झाले. शेपूची भाजी डब्यात आणणाऱ्या मुलाला वर्गात काय ऐकून घ्यावे लागते, ते आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा.

पुढे ॲल्युमिनियम आले, आणि साठ-सत्तरच्या दशकांत स्टील मध्यमवर्गीय घरांत रुळले. स्टीलला कल्हई लागत नाही. आता आंबट भाजी खुशाल डब्यात जाऊ शकली असती. पण तोवर एक पिढी कोरड्या भाजीवर वाढली होती. 'डब्याची भाजी' म्हणजे सुकी भाजी, हे ठरून गेले होते. कारण गेले तरी रीत राहिली. इतिहासात असे वारंवार घडते, स्वयंपाकघरातही घडते.

बटाट्याचा विजय

या चारही परीक्षांत पहिला आला तो बटाटा. हा पाहुणा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे मराठी नाव पोर्तुगीज 'बटाटा'वरून आले, जसे 'कोबी' हे नाव 'कोव्ह'वरून आले. फ्लॉवर त्याहून नवा. 1822 मध्ये सहारनपूरच्या बागेत त्याचे बी आणून लावल्याची नोंद आहे. आज आपण ज्यांना डब्याच्या नेहमीच्या भाज्या म्हणतो त्यांतल्या बऱ्याच अशा बाहेरून आलेल्या आहेत. यात वाईट काही नाही. मिरची आणि शेंगदाणाही बाहेरचेच. पुणे जिल्ह्यात मंचरच्या बाजारात बटाट्याच्या पोत्यांच्या थप्प्या पाहिल्या, सातगाव पठारावरची शेती पाहिली, की हा पाहुणा किती घरचा झाला ते कळते.

बटाटा उकडून फोडणीला टाकला की पंधरा मिनिटांत भाजी तयार. गळत नाही, वास नाही, गार झाला तरी गोड लागतो. घाईत असलेल्या आईला याहून काय हवे? पण या विजयाची किंमत आकड्यांत मोजता येते, आणि ते आकडे आपल्या देशातल्याच प्रयोगशाळेत काढलेले आहेत.

निलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी 1918 मध्ये बेरीबेरी या रोगावर संशोधन सुरू केले. त्यातूनच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांतील पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. 1958 मध्ये संस्था हैदराबादला गेली, आणि 1971 मध्ये सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी सुधारून वाढवलेली कोष्टके आली. त्यांत शंभर ग्रॅम बटाट्यात कॅल्शियम 10 मिलिग्रॅम आहे, मेथीच्या पाल्यात 395 आणि शेवग्याच्या पाल्यात 440. डोळ्यांसाठी लागणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वाचा कच्चा माल म्हणजे कॅरोटीन. ते बटाट्यात 24 मायक्रोग्रॅम, मेथीत 2340, शेवग्याच्या पाल्यात 6780. पाल्यातले सगळेच शरीराला लागते असे नाही. तरीही हा फरक डोळ्याआड करण्याजोगा नाही. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांची दृष्टी जाते, म्हणून 1970 मध्ये देशभर त्याचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू करावा लागला. त्या वेळी कितीतरी घरांच्या परसात शेवगा उभा होता.

पीठ आणि पाला

मग डब्यातून पाला पार गेला का? नाही. तो वेषांतर करून राहिला, आणि या वेषांतराचे श्रेय नाव नसलेल्या बायकांना आहे.

पीठ पेरलेली भाजी हा डब्याच्या दृष्टीने मोठाच शोध म्हणावा लागेल. मेथी, कांद्याची पात, कोबी, सिमला मिरची यांना पाणी सुटते. फोडणीत भाजी परतून वरून बेसन भुरभुरवले आणि झाकण ठेवून एक वाफ आणली की पीठ ते पाणी शोषून घेते. भाजी मोकळी, कोरडी होते. पाल्याचा कडवटपणा पिठाच्या खमंगपणात मिसळतो आणि डाळीचे सत्त्व वर मिळते.

दुसरी वाट थालीपिठाची. भाजणीत चिरलेला पाला, किसलेला दुधी किंवा लाल भोपळा, कांदा, तीळ घालून थापले की भाजी आणि भाकरी वेगळी उरतच नाही. मेथीचे मुटके, कोथिंबीर वडी, अळूवडी, खानदेशातले फुणके हे सगळे याच कुळातले. सोलापूर-मराठवाड्याकडचे गरगट्टे पालेभाज्या आणि डाळ एकत्र घोटून होते. विदर्भात अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालतात. चकोल्यांच्या आमटीत शेवग्याचा पाला टाकला तर तो शोधूनही सापडत नाही.

आजकाल 'मुलांना कळू न देता भाज्या खायला घाला' असे सल्ले फार ऐकू येतात. या जुन्या पदार्थांत मात्र लपवाछपवी नव्हती. थालीपिठात मेथी आहे हे सगळ्यांना माहीत असे. तिचे हिरवे ठिपके दिसत असत. धान्य महाग आणि पाला फुकट होता, म्हणून तो धान्यात मिसळला जाई. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तेच खात. मुलांसाठी निराळा पदार्थ करायचा ही कल्पनाच तिथे नव्हती. माझ्या मते मूल ते खात होते, याचे अर्धे कारण हेच आहे.

खिचडी

आतापर्यंत बोललो ते डबा असलेल्या मुलांबद्दल. ज्यांच्या घरी डब्यात भरायलाच काही नव्हते त्यांचे काय? 1920 मध्ये मद्रास महापालिकेने, पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलामागे दिवसाला एक आणा खर्चून जेवण द्यायचे ठरवले. के. कामराज यांनी 1956 मध्ये ही कल्पना राज्यभर नेली, एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये ती आणखी वाढवली. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळाबरोबर आठवते ती सुकडी. तिने पोट भरले, पण तिच्यात भाजीचे पानही नव्हते.

15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची योजना सुरू झाली. तेव्हा बहुतेक राज्यांत मुलाला महिन्याला तीन किलो कोरडे धान्य मिळे. ते घरी जाई आणि घरात विरघळून जाई. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत शिजवलेले अन्नच द्यावे. त्यानंतर आपल्याकडे खिचडीचे पातेले चढले. पुढे प्रमाण ठरले. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी.

हिशेब हा माझा धंदा, म्हणून या 50 ग्रॅमवर माझी नजर अडकली. शंभर मुलांच्या शाळेत रोज पाच किलो भाजी हवी. ती निवडायची, धुवायची आणि चिरायची. धान्य-डाळ ठरलेल्या मापाने येते. भाजी मात्र रोखीने घ्यायची, आणि हिशेबात तिचा शिरकाव 'इंधन व भाजीपाला' या जोडशीर्षाखाली होतो. गॅस किंवा लाकूड महागले की त्याच रकमेतून भाजी कमी होणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आणि हे सगळे सांभाळणाऱ्या बाईचे मानधन 2009 मध्ये केंद्राने महिना 1000 रुपये ठरवले होते. नंतर राज्याने ते वाढवले, तरी आजही त्यावर कुणाचे घर चालणार नाही. मुलांच्या ताटात भाजी का दिसत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या रकान्यात असते. मुलाच्या जिभेला उगाच दोष दिला जातो.

पंगत

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा. मूल कुणाबरोबर बसून जेवते?

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे. शिपाई नाही तर पाणी नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच साताऱ्यात 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभे केले. तिथे मुले एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. शाळेतली पंगत आपल्याकडे अशी किंमत देऊन मिळवलेली आहे. म्हणूनच 20 एप्रिल 2004 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असे सांगितले. आजही त्यांच्या हातचे खायला नकार दिल्याच्या बातम्या अधूनमधून येतात.

या पंगतीचा भाजीशी संबंध आहे, आणि तो प्रयोगाने दाखवलेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च यांनी 1980 मध्ये बालवाडीतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक भाजी न आवडणाऱ्या मुलाला, तीच भाजी आवडणाऱ्या मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवले. कुणी आग्रह केला नाही, बक्षीस ठेवले नाही. चार दिवसांत ते मूल आपण होऊन ती भाजी निवडू लागले.

हे वाचले तेव्हा मला आमची अंगतपंगत आठवली. गोल करून बसायचे, डबे मध्ये उघडायचे, प्रत्येकाने प्रत्येकाचे खायचे. घरी ज्या भाजीवर नाक मुरडायचे तीच मैत्रिणीच्या डब्यात आली की बोटे चाटायची. आमच्या आयांना बर्च यांचे नावही ठाऊक नव्हते. तरी "कुणी काय आणलं होतं गं आज?" हा प्रश्न त्या रोज विचारत.

शेजारच्या सुनेला मी परत बोलावले आणि विचारले, "तो जेवतो कुणाबरोबर?" ती म्हणाली, "ज्याच्या त्याच्या बाकावर. कोरोनापासून वाटून खायला बंदी आहे." शाळेचीही काही बाजू असेल. पण सहा वर्षांच्या मुलाने समोर फळा पाहत, एकट्याने, दहा मिनिटांत गार भाजी संपवावी, अशी अपेक्षा आपल्या इतिहासात पूर्वी कुणी केली असेल असे मला वाटत नाही.

मी तिला सांगितले ते असे. मुलासाठी वेगळी भाजी करू नकोस. घरात सगळ्यांसाठी जे होते तेच त्याच्या डब्यात घाल. रात्रीच मेथी निवडून, चिरून ठेव, मग सकाळी थालीपीठ लावायला वीस मिनिटे पुरतात. आठवड्यातून दोनदा पीठ पेरलेली भाजी. बटाटा करायचाच तर त्यात मूठभर पाला आणि वर शेंगदाण्याचे कूट टाक. स्टीलच्या डब्यात आंबट चालते, तेव्हा चिंचगुळातल्या लाल भोपळ्याला भिऊ नकोस. शनिवारी सोसायटीतली चार पोरे गोळा कर आणि जिन्यात त्यांची अंगतपंगत मांड. तिने पहिल्या शनिवारी ती मांडली. तिच्या मुलाने आपल्या डब्याला हातही लावला नाही. तळमजल्यावरच्या मुलीच्या डब्यातली कोबीची भाजी मात्र संपवली.

ही हकिकत मी आईला सांगितली तेव्हा ती हसली. "तुझा मामा तरी कुठं स्वतःच्या डब्यातलं खायचा? त्याच्या शेजारी एक मुलगा बसायचा. त्याच्याकडे डबा नव्हता. फडक्यात भाकरी आणि भाकरीवर अंबाडीची भाजी. मामा आपली बटाट्याची भाजी त्याला द्यायचा आणि त्याची अंबाडी खायचा. आमच्या आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही."

फडक्यात बांधलेली अंबाडी कळकत नाही. पितळी डबा परवडणाऱ्या घरांतून जी भाजी शाळेत जाऊ शकत नव्हती, ती डबा नसलेल्या मुलाने रोज शाळेत नेली होती.